बंगळूर दक्षिण : एका मतदारसंघाचे वाचन

मतदारसंघाचा इतिहास हा राज्यशास्त्राचा विषय. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. प्रस्तुत लेखकाचीही ती बराच काळ होती. अभ्यागत प्राध्यापक म्हणून बंगळुरात राहण्याचा योग आला आणि बसवनगुडी, गवीपुरम्, जयनगर या भागांतून रोजचे येणे-जाणे सुरू झाले, तेव्हा ती सैल पडली. आधुनिक कन्नड साहित्याच्या इतिहासात ज्यांची नावे वारंवार येतात, त्यांतील कित्येकांची घरे या जवळजवळच्या वस्त्यांत होती. याच वस्त्या लोकसभेच्या ‘बंगळूर दक्षिण’ या मतदारसंघाचा जुना गाभा आहेत.

२६ एप्रिल २०२४ रोजी या मतदारसंघात मतदान झाले. मतदान केलेल्यांचे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते आणि ते कर्नाटकातील अठ्ठावीस मतदारसंघांत सर्वांत कमी होते. संपूर्ण राज्याचे प्रमाण ७० टक्क्यांहून थोडे अधिक भरले. ग्रंथालये, व्याख्यानमाला, सभागृहे आणि शिक्षणसंस्था यांनी ज्या परिसराची ओळख घडविली, तेथील जवळजवळ निम्मा मतदार मतपेटीकडे फिरकला नाही. वाचणारा समाज आणि मत देणारा समाज यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, एवढे यावरून दिसते. या नात्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बंगळूर दक्षिणचा निवडणूक-इतिहास मुख्य आधार म्हणून घेतला असून, शेवटी त्याच राज्यातील बेळगाव मतदारसंघाशी त्याची तुलना केली आहे. एके ठिकाणी मराठी ही घरातली भाषा आहे, दुसर्‍या ठिकाणी ती निवडणुकीचा प्रश्न आहे. हा भेद मराठीच्या अभ्यासकाला बरेच काही शिकवणारा आहे.

१. मतदारसंघापूर्वीचे गाव

मतदारसंघ ही कागदावर आखलेली सीमा असते. तिच्या आतले गाव मात्र तिच्याहून पुष्कळ जुने असते. १६३८ साली विजापूरकरांचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढील सुमारे अर्धशतक हे गाव भोसल्यांकडे होते. १६८७ साली मोगलांचा सरदार कासिमखान याने ते घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती दिले.

या काळाचे वाङ्मयीन स्मारक म्हणजे जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह ते प्रसिद्ध केले. शहाजीराजांच्या दरबारात आलेल्या या कवीने बारा नारळ पुढे ठेवले, कारण त्याला बारा भाषांत कवित्व करता येत होते, ही हकीकत मराठी अभ्यासकांना परिचित आहे. तौलनिक साहित्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. त्या दरबारात बहुभाषिकता हा गुण होता. कोणती भाषा कोणाची आणि कोणाची संख्या किती, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नव्हता. राजाश्रयाला भाषा मोजाव्या लागत नाहीत. लोकशाहीला मात्र माणसे मोजावी लागतात, आणि माणसे मोजू लागले की भाषाही मोजल्या जातात. सतराव्या शतकातील बंगळूर आणि विसाव्या शतकातील मतदारसंघ यांच्यामधील हे अंतर पुढील विवेचनात लक्षात ठेवावे लागेल.

भोसल्यांची सत्ता गेली, पण मराठी बोलणारी घरे राहिली. मराठा कुटुंबे, देशस्थ घराणी, शिंपी व रंगारी व्यवसायातील भावसार मंडळी यांच्या घरात आजही कन्नड-तमिळ शब्दांनी भरलेली एक मराठी ऐकू येते. गवीपुरम् येथे मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. याच परिसरात वाढलेला आणि बंगळूरच्या बसमध्ये कंडक्टरची नोकरी केलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा तरुण पुढे तमिळ चित्रपटात रजनीकांत झाला. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि कीर्ती तमिळमध्ये, असा हा प्रवास या भागात कोणाला फारसा विलक्षण वाटत नाही.

या मराठीचा एकगठ्ठा मतदार मात्र कधी झाला नाही. पी. जी. आर. सिंधिया यांच्यासारखे मराठा समाजातील नेते बंगळुराजवळच्या कनकपुर्‍यातून १९८३ पासून पुन्हा पुन्हा विधानसभेवर निवडून गेले, मंत्री झाले. पण ते जनता पक्षाचे आणि नंतर जनता दलाचे नेते म्हणून. मराठीच्या नावाने त्यांनी मते मागितली नाहीत आणि मागण्याची गरजही नव्हती. येथील मराठीला मतपत्रिकेवर जागा नव्हती आणि त्याची तिला खंतही नव्हती.

२. वाचकांची वस्ती आणि गोखल्यांचे नाव

१८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरची दाट पेठ सोडून लोक मोकळ्या जागी जाऊ लागले. त्यातून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या आखीव वस्त्या वसल्या. म्हैसूर संस्थानच्या सेवेतील कारकून, अधिकारी, शिक्षक, वकील, वैद्य असा वर्ग बसवनगुडीत आला. लगतच्या चामराजपेठेत कन्नड साहित्य परिषदेचे कार्यालय आले. या परिषदेची स्थापना १९१५ ची. मास्ती वेंकटेश अय्यंगार गवीपुरम् भागात राहत. बसवनगुडीत नॅशनल कॉलेज उभे राहिले आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एच. नरसिंहय्या यांनी तेथे विज्ञानविषयक व्याख्यानांची परंपरा रुजविली. हाबरमास यांनी १९६२ साली युरोपच्या संदर्भात ज्या सार्वजनिक अवकाशाची मांडणी केली, त्याचे एक देशी रूप येथे दिसते. कॉफी, वर्तमानपत्र आणि वाद हे तिन्ही येथे होते. फरक एवढाच, की त्याच्या मुळाशी व्यापार्‍यांपेक्षा नोकरदार वर्ग अधिक होता.

या अवकाशाला वैचारिक आधार देणारी व्यक्ती म्हणजे डी. व्ही. गुंडप्पा (१८८७-१९७५). ‘मंकुतिम्मन कग्ग’ या १९४३ च्या ग्रंथामुळे ते कवी म्हणून घराघरांत पोहोचले. परंतु स्वतःकडे ते प्रथम पत्रकार आणि सार्वजनिक कार्यकर्ते म्हणून पाहत. त्यांचे आदर्श होते गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांचे चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले निवर्तले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात गांधीजी बंगळुरास आले ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करण्यास. पुढे १९४५ साली डीव्हीजींनी बसवनगुडी भागात ‘गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ ही संस्था स्थापन केली. तिच्या नावात पुण्याचा एक माणूस आहे आणि कामात म्हैसूर संस्थानातील नागरिकाला लोकशाहीसाठी तयार करण्याची कल्पना आहे.

पुण्यात १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजामागे गोखल्यांची जी धारणा होती, ती डीव्हीजींनी कन्नडमध्ये नेली. राजकारण हे आधी चारित्र्याचे आणि अभ्यासाचे काम आहे. अर्थसंकल्प वाचता येणारा, कायद्याचा मसुदा समजणारा, मतभेद संयमाने मांडणारा नागरिक हा प्रतिनिधिक राज्यपद्धतीचा पाया आहे, असा या धारणेचा सारांश देता येईल. हे भाषांतर शब्दांचे नव्हते, एका सार्वजनिक वृत्तीचे होते. मराठी-कन्नड संबंधांचा विचार करताना आपण संतसाहित्य, नाट्यसंगीत आणि कादंबरीचे अनुवाद यांच्याकडे वळतो. वृत्तीच्या या अनुवादाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. संस्थेच्या स्थापनेनंतर सात वर्षांच्या आत देशात प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक झाली आणि डीव्हीजींच्या नागरिकाची परीक्षा सुरू झाली.

३. प्रवाहाविरुद्धची मते

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बंगळूर दक्षिण या नावाच्या मतदारसंघातून काँग्रेसचे टी. मादय्या गौडा निवडून आले. पुढील फेररचनेत हे नाव मागे पडले आणि शहराची जागा ‘बंगळूर शहर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन वेळा ती के. हनुमंतय्या यांच्याकडे होती. १९५२ ते १९५६ या काळात ते म्हैसूरचे मुख्यमंत्री होते, विधानसौध उभारणारे म्हणून त्यांची ख्याती होती, प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अध्यक्षपद आणि पुढे रेल्वे मंत्रिपद त्यांनी सांभाळले. सर्व कन्नड प्रदेश एका राज्यात यावा या भूमिकेचे ते समर्थक होते. जुन्या म्हैसुरातील अनेकांना एकीकरणाविषयी शंका असताना त्यांनी ती घेतली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विस्तारित म्हैसूर राज्य अस्तित्वात आले आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळता त्यात सामील झाला. या घटनेकडे पुढे परत यावे लागेल.

१९७७ साली बंगळूर दक्षिण हे नाव पुन्हा आले. ही निवडणूक आणीबाणीनंतरची. बंगळूरला आणीबाणीचा अनुभव दूरचा नव्हता. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या कामासाठी शहरात आलेल्या विरोधी नेत्यांना तेथेच अटक झाली. त्यांत अटलबिहारी वाजपेयी व लालकृष्ण अडवाणी होते, तसेच कोकणातील राजापूरचे खासदार मधू दंडवतेही होते. ‘संस्कार’ चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी याच शहराच्या तुरुंगात होत्या. सुटकेनंतर काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

या पार्श्वभूमीवर हनुमंतय्यांच्या विरोधात जनता पक्षातर्फे उभे राहिले के. एस. हेगडे. त्यांची ओळख राजकारणी म्हणून नव्हती, न्यायमूर्ती म्हणून होती. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेलाही धक्का लावता येणार नाही, असे म्हणणार्‍या बहुमतात हेगडे होते. लगेच दुसर्‍या दिवशी त्यांच्यासह शेलट आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक जाहीर झाली आणि तिघांनीही राजीनामे दिले. चार वर्षांनी हेगडे मतदारांपुढे आले, ते एका अर्थाने आपल्या निकालपत्राचा अन्वयार्थ घेऊनच.

कर्नाटकातील अठ्ठावीसपैकी सव्वीस जागा काँग्रेसने जिंकल्या. जनता पक्षाला मिळालेल्या दोन जागांपैकी एक बंगळूर दक्षिणची होती. हेगडे निवडून आले आणि जुलै १९७७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. १९८० साली पारडे आणखी एका बाजूला झुकले. राज्यात इंदिरा काँग्रेसने सत्तावीस जागा घेतल्या. उरलेली एकमेव जागा पुन्हा हीच होती आणि जनता पक्षाचे टी. आर. शामण्णा विजयी झाले. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेतही जनता पक्षाच्या चार जागांत बंगळूर दक्षिण होते, तेथून व्ही. एस. कृष्ण अय्यर लोकसभेवर गेले.

लागोपाठ तीन निवडणुकांत एखादा मतदारसंघ राज्याच्या प्रवाहाविरुद्ध जातो, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. डीव्हीजींच्या नागरिकाने परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला, असे या तीन निकालांचे सोपे वाचन करता येईल, आणि ते चुकीचेही नाही. घटनेसारख्या अमूर्त गोष्टीवर मत देण्यास वाचनाची सवय लागते; ती सवय येथे होती.

तथापि, याच निकालांचे दुसरेही वाचन आहे आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७२ पासून राज्यात देवराज अरस यांचे सरकार होते. १९७४ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचा हक्क देणारा कायदा कडक झाला. हावनूर आयोगाच्या १९७५ च्या अहवालाने मागासवर्गीयांच्या आरक्षणाला पाया दिला. ग्रामीण कर्नाटकाने काँग्रेसला जी मते दिली, त्यांमागे या धोरणांतून मिळालेले काहीतरी होते. बसवनगुडीतील वाचणारा वर्ग प्रामुख्याने उच्चवर्णीय आणि नोकरदार होता. याच धोरणांनी त्याच्या जमिनीला, जागांना आणि मानाला धक्का बसला होता. घटनेचे रक्षण आणि स्थानाचे रक्षण ही दोन्ही कारणे एकाच शिक्क्यात उमटू शकतात. मतपत्रिका कारण विचारत नाही. म्हणूनच ती संहिता म्हणून अपुरी आहे आणि तिच्या भोवतालचा समाज वाचल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

४. न्यायमूर्ती, प्राध्यापक, संघटक

१९८९ साली या मतदारसंघाने आपली चाल बदलली. राज्याच्या प्रवाहाबरोबर जाऊन त्याने काँग्रेसचे आर. गुंडूराव यांना निवडले. गुंडूराव १९८० ते १९८३ या काळात मुख्यमंत्री होते. कन्नडला शालेय शिक्षणात अग्रस्थान मिळावे यासाठीचे गोकाक आंदोलन त्यांच्याच कारकीर्दीत १९८२ साली भडकले, अभिनेते राजकुमार त्यात उतरले आणि सरकार हादरले. भाषेच्या प्रश्नावर लोकक्षोभ ओढवून घेतलेला नेता सात वर्षांनी कन्नड साहित्याच्या या माहेरघरातून लोकसभेवर जाऊ शकला, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. कन्नडचे स्थान एव्हाना शासनाच्या धोरणात पक्के झाले होते. ते मतपेटीतून मागण्याची निकड उरली नव्हती.

१९९१ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. वेंकटगिरी गौडा भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आले. त्या पक्षाने कर्नाटकात प्रथमच जिंकलेल्या चार लोकसभा मतदारसंघांपैकी हा एक होता. इतर तीन मंगळूर, बिदर आणि तुमकूर. तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या नऊ निवडणुकांत या जागेवर दुसरा कोणताही पक्ष आला नाही. १९९६ ते २०१४ या काळात अनंतकुमार सलग सहा वेळा निवडून आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१९ साली तेजस्वी सूर्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सुमारे ३ लाख ३१ हजारांच्या मताधिक्याने विजयी झाले आणि २०२४ साली पुन्हा निवडून आले.

न्यायमूर्ती, प्राध्यापक आणि मग विद्यार्थी चळवळीतून घडलेला पक्षसंघटक, या क्रमात प्रतिनिधीविषयीच्या कल्पनेचे स्थित्यंतर दिसते. हेगडे यांना मत देणारा त्यांच्या स्वतंत्र नैतिक अधिकाराला मत देत होता. पक्ष नवा, घाईघाईने एकत्र आलेला होता. १९९६ नंतरच्या मतदाराने संघटनेला मत दिले. अनंतकुमार उत्तम संघटक होते, मतदारसंघात घट्ट मुळे धरून होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत. पण एके काळी राज्याच्या विरुद्ध दिशेने जाणारा मतदारसंघ आता आधीच ठाऊक असलेल्या दिशेने जाऊ लागला. अपवाद म्हणून ज्याची ओळख होती, तो नियम झाला.

या बदलाची खरी कसोटी २०१४ ची. काँग्रेसने नंदन निलेकणी यांना उमेदवारी दिली. १९८१ साली पुण्यात सुरू होऊन १९८३ साली बंगळुरास आलेल्या इन्फोसिस कंपनीचे ते एक संस्थापक. २००९ पासून आधार योजनेचे प्रमुख. ‘इमॅजिनिंग इंडिया’ या ग्रंथाचे लेखक. घरची भाषा कोकणी, जन्म बंगळूरचा, शिक्षण याच शहरात, धारवाडात आणि मुंबईत. धोरणाचा अभ्यास करून सार्वजनिक कामात उतरणारा सुविद्य गृहस्थ ही गोखले-डीव्हीजींची कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभीची. तिचा एकविसाव्या शतकातील अवतार याहून वेगळा कसा असेल? त्यांचा पराभव सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी झाला. देशभरातील लाट हे त्याचे एक कारण होतेच. पण याच मतदारसंघाने तीन वेळा लाट नाकारली होती, हे विसरता येत नाही. विद्वत्ता ही आता उमेदवाराची शोभा होती, मत देण्याचे कारण नव्हती.

मतदानाचे प्रमाण या संदर्भात पाहिले पाहिजे. २००९ साली ते सुमारे ४५ टक्के, २०१४ साली ५६ च्या आसपास, २०१९ साली ५४ च्या आत आणि २०२४ साली ५३ च्या जवळ होते. मतदारयाद्यांत स्थलांतरितांची, मृतांची, दुबार नोंदींची नावे राहतात आणि त्यामुळे शहरातील टक्का प्रत्यक्षाहून कमी दिसतो, हा युक्तिवाद रास्त आहे. २००८ च्या पुनर्रचनेने बोम्मनहळ्ळीसारखे झपाट्याने वाढलेले, कामगारांचे व भाडेकरूंचे भाग मतदारसंघात आहेत. त्यांना बसवनगुडीच्या मापाने मोजणेही अन्यायाचे होईल. तरीही सगळा फरक यादीतील दोषांनी भरून निघत नाही. निकाल आधीच ठाऊक असलेल्या ठिकाणी मत देणे अनेकांना अनावश्यक वाटते. त्यातही ज्यांचे पाणी, शाळा, दवाखाना, भाषा यांपैकी काहीही मतावर अवलंबून नाही, त्यांना ते अधिक अनावश्यक वाटते. वाचनाने सुजाण झालेला नागरिक हळूहळू सुरक्षित झाला, आणि सुरक्षित झाल्यावर त्याला प्रतिनिधीची गरज उरली नाही.

५. बेळगाव : गर्दीचे वाचन

आता वर उल्लेखिलेल्या १ नोव्हेंबर १९५६ या तारखेकडे वळू. त्या दिवशी बेळगाव आणि आसपासचा मराठी प्रदेश अशा राज्यात आला, ज्याची राजधानी बंगळूर होती. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आंदोलन, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा क्रम मराठी वाचकाला परिचित आहे. येथे त्यातील निवडणुकीची बाजू तेवढी पाहायची आहे.

गोकाक आंदोलनाने कन्नडला जे स्थान मिळवून दिले, त्याची दुसरी बाजू बेळगावात दिसली. जो निर्णय राज्यातील बहुसंख्यांना न्याय्य वाटला, तोच सीमाभागातील मराठी शाळांच्या अंगणात सक्ती म्हणून आला. १९८६ च्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात हिंडलगा येथे गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. कोणत्याही भाषेला संरक्षण देताना शेजारच्या भाषेचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रातील अमराठी भाषकांच्या बाबतीतही आपण स्वतःला विचारला पाहिजे. तो एकट्या कर्नाटकाचा नाही.

बेळगाव लोकसभा मतदारसंघातून एकीकरण समितीचा उमेदवार आजवर कधी निवडून आलेला नाही. मतदारसंघात कन्नड भाषकांची संख्या अधिक असल्याने तो येणे कठीणच होते. १९९६ साली समितीने याच गणितावर एक विलक्षण उत्तर शोधले. जिंकता येत नसेल तर मतपत्रिकाच आपल्या नावांनी भरून टाकावी, या हेतूने शेकडो मराठी भाषकांनी अर्ज भरले. उमेदवारांची एकूण संख्या ४५६ झाली. एवढी नावे नेहमीच्या आकाराच्या मतपत्रिकेत मावणारी नव्हती; निवडणूक यंत्रणेपुढे पेच उभा राहिला. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा येथे पाण्याच्या प्रश्नावर ४८० उमेदवार उभे राहिले होते. परिणाम असा झाला, की १९९६ च्या कायदादुरुस्तीने लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरील उमेदवाराला दहा सूचक आवश्यक ठरले.

या घटनेकडे एक तर विक्रम म्हणून पाहिले जाते, नाही तर व्यवस्थेचा गैरवापर म्हणून. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. उमेदवारी अर्ज ही निवडून येण्याची इच्छा व्यक्त करणारी संहिता. येथे तिचा उपयोग निवडून न येता ऐकले जाण्यासाठी केला गेला. ते एक सामूहिक निवेदन होते आणि सह्यांच्या जागी उमेदवारांची नावे होती. राज्यसंस्थेने मात्र ते निवेदन म्हणून वाचले नाही, प्रशासकीय अडचण म्हणून वाचले. उत्तर मजकुराला मिळाले नाही, कागदाच्या लांबीला मिळाले.

हा आवाज पुढे क्षीण झाला. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. तरी तो संपला नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मंगला अंगडी केवळ ५,२४० मतांनी विजयी झाल्या. त्या वेळी समितीच्या तरुण उमेदवाराला सुमारे १ लाख १७ हजार मते मिळाली होती. हरणार हे ठाऊक असताना दिलेली ही लाखावर मते, आणि जिंकणार हे ठाऊक असल्याने न दिलेली बंगळूर दक्षिणमधील लाखो मते, ही दोन टोके एकाच राज्याच्या निवडणूक-नोंदींत शेजारी शेजारी आहेत.

१९९६ हे वर्ष या दृष्टीने विशेष आहे. त्या एका निवडणुकीत बंगळूर दक्षिणने अनंतकुमार यांना प्रथम निवडून दिले आणि एका दीर्घ स्थैर्याला आरंभ झाला. त्याच निवडणुकीत बेळगावने मतपत्रिका फुगवून दाखविली. एकीकडे प्रतिनिधित्वाची खात्री होती, दुसरीकडे ते मिळण्याची आशा उरली नव्हती. खात्रीने मतदार घरी बसू लागला. आशा संपली तेथे तो स्वतःच उमेदवार झाला.

६. समारोप

या तुलनेतून दोन निष्कर्ष मांडता येतील. पहिला गोखले-डीव्हीजी परंपरेविषयी. शिक्षित नागरिक हा लोकशाहीचा पाया आहे, ही तिची श्रद्धा खोटी ठरली असे म्हणता येणार नाही. १९७७ चा निकाल तिच्या बाजूने साक्ष देतो. पण वाचनाने येणारी जाण आणि असुरक्षिततेतून येणारी निकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणीबाणीत त्या एकत्र आल्या. नंतर जाण उरली आणि निकड सरली. केवळ जाणीव मतदाराला रांगेत उभी करीत नाही.

दुसरा निष्कर्ष भाषेविषयी. बंगळुरातील मराठी साडेतीनशेहून अधिक वर्षे मतदारसंघावाचून टिकली. देवघरात, स्वयंपाकघरात, लग्नाच्या आमंत्रणात. तिने सार्वजनिक हक्क मागितला नाही आणि म्हणून तिला विरोधही झाला नाही. मात्र तिची लिपी, शाळा आणि साहित्य क्षीण होत गेले. बेळगावच्या मराठीने शाळा, वर्तमानपत्र, नाटक, संमेलन हे सारे राखले आणि त्यासाठी संघर्षाची किंमत मोजली. यांतील कोणता मार्ग शहाणपणाचा, हे ठरविणे बाहेरच्या माणसाला सोपे वाटते. दोन्ही ठिकाणी चार दिवस राहिल्यावर ते तसे वाटत नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासात ग्रंथांची नोंद असते. ज्या समाजात ते वाचले गेले, त्याने मत कोणाला दिले, का दिले आणि का दिले नाही, याची नोंद नसते. जयराम पिंड्यांचा दरबार, डीव्हीजींची संस्था आणि बेळगावची ४५६ नावे ही तीन वेगळ्या काळांतील उदाहरणे एकच प्रश्न विचारतात : एखाद्या भाषेत बोलणार्‍या माणसाचे म्हणणे सत्तेपर्यंत कोणत्या रूपात पोहोचते? दरबारात ते कवितेच्या रूपात पोहोचत होते. प्रजासत्ताकात ते मताच्या रूपात पोहोचावे, अशी योजना आहे. ही योजना बेळगावच्या मतदाराच्या उपयोगी पडली नाही आणि बसवनगुडीच्या मतदाराला तिचा उपयोग करावासा वाटला नाही. गोखल्यांच्या नावाची संस्था त्या वस्तीत अजून उभी आहे. तिच्या संस्थापकाला अभिप्रेत असलेला नागरिक घडविण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार असेल, तर त्याची सुरुवात बेळगावच्या त्या लांबलचक मतपत्रिकेच्या वाचनापासून करणे उचित ठरेल.